जमालचाचा आणि समुद्राचं पाखरू

कुणाच्याही घरी गेले की जमालचाचा आधी गादी दाबून बघत. भोरमध्ये माझ्या जनावरांच्या दवाखान्याला लागून त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. पहिल्याच भेटीत माझ्या खुर्चीत बोट खुपसून ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, हिच्यावर बसून तुमी दुसऱ्याला बरं कसं करणार?" दुसऱ्या दिवशी खुर्चीवर कापसाची उशी आली.

एकदा वादळात भरकटलेलं समुद्राचं पाखरू जवळच्या उत्रोली गावात भाताच्या खाचरात सापडलं. खालून हवा खेळावी आणि पिसं घाणीत भिजू नयेत म्हणून मी त्याला ताणलेल्या जाळीवर ठेवलं. चाचांना ते बघवेना. "एवढ्या लांबचा पाव्हणा, आन् जाळीवर? भोरची काय इज्जत राहील?"

मला आठवडाभर पासलीला शेळ्यांना लस टोचायला जायचं होतं. पाखराला मासे भरवायचं काम चाचांवर सोपवलं. परत येऊन बघते तर जाळी गायब, आणि पाखरू भाताच्या पेंढ्याच्या टुमदार गादीवर चोच वासून धापा टाकतंय. पेंढ्याला कुबट वास येत होता.

"चाचा, पेंढ्याला बुरशी आहे. ती श्वासातून याच्या छातीत गेलीय. समुद्रावरच्या पाखरांना ती अजिबात सोसत नाही. हे मरेल आता!"

"पेंढ्यात आमी आंबं पिकवतो, वासरं निजवतो. पेंढ्यानं कुणी मरतं व्हय?" चाचा तावातावाने म्हणाले. मग पाखराकडे बघून मऊ झाले. "म्हंजी म्या त्येला मऊ दिलं, आन् त्येचाच दम कोंडला."

मी सकाळ-संध्याकाळ यंत्राने औषधाची वाफ देऊ लागले. कापसाची धूळ नको म्हणून चाचांनी दुकानच बंद ठेवलं. गिऱ्हाइकांना सांगत, "शेजारी दम्याचा पेशंट हाय." एका बाईंनी पेशंटसाठी मऊ भाताचा डबा पाठवला. तो चाचांनीच खाल्ला. आणि नायलॉनची दोरी आणून पाखरासाठी वीतभर बाज विणली. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी काही न भरता अंथरूण केलं होतं.

पाखरू वाचलं. टेम्पोने घाट उतरून आम्ही त्याला कोकणच्या किनाऱ्यावर सोडलं. ते उडालं तसे चाचा ओरडले, "पोचल्यावर कळव रं!" आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

गेल्या वर्षी चाचांचीच छाती भरली. जन्मभराचा कापूस आत साठला होता. मुलांनी दुकानातली सगळ्यात जाड गादी घातली. चाचांनी ती काढायला लावली आणि उघड्या बाजेवर पडून राहिले. मी गेले तर धापा टाकत हसले. "डॉक्टरीणबाईंचा कायदा हाय. दम्याच्या पेशंटला जाळी."

ते त्या बाजेवरूनच गेले. मला फार रडू आलं. माझ्या खुर्चीवरची उशी आता पार चपटी झाली आहे. पुन्हा भरून घ्यायला हवी, पण कुणाकडे देऊ?