सावली पुरेना

मुलांनो, आपल्या जळगावच्या घरात वरच्या मजल्यावर राहणारी संशोधक मुलगी जेवतानाही कुजबुजते. पक्षी बुजू नयेत म्हणून लागलेली सवय. वाढत्या उन्हात होल्याची पिलं जगतात का, ते ती बघते.

परवा गच्चीवरच्या कुंडीत दोन पिलं चोच वासून धापा टाकत होती. त्यांची आई सकाळपासून परतली नव्हती.

“अगं, फडकं तरी टाक त्यांच्यावर!”

“मदत केली तर उन्हाचं खरं कसं कळणार, आजी?”

थोड्या वेळाने पाहते तर ती उन्हात उभी, आपली सावली पिलांवर पडेल अशी. मी छत्री पुढे केली.

“नको. मी नुसती उभी शे,” ती अहिराणीत कुजबुजली.

पण मे महिन्यात इथे भर दुपारी माणसाची सावली पायाखालीच मावते. पिलं पुन्हा उन्हात आली. ती मात्र हलली नाही.