चार्ज देऊन जा

जगदाळेकाका गेले. मी पीएचडी सोडणार होते, हे जगात फक्त त्यांना माहीत होतं.

(आई-बाबा, तुम्हाला हे या पोस्टमधूनच कळतंय. सॉरी. ओरडा, पण आधी पूर्ण वाचा.)

काका चंदीगडजवळ आमच्या पंचकुल्याच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे. आर्मीत हेडक्लार्क होते, सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि इथेच रमले. मागच्या मंगळवारी सकाळी चहा पिता पिता गेले.

मे महिन्यात मी मोहालीच्या हॉस्टेलवरून बॅग भरून घरी आले. घरी सांगितलं, लॅबमध्ये रंगकाम चालू आहे.

साफ खोटं.

मी गव्हावर काम करते. कुठलं वाण उन्हात तग धरतं, ते बघते. एप्रिलमध्ये लक्षात आलं की दोन वाणांच्या बियाण्यांची पाकिटं माझ्याच हातून अदलाबदल झालीयत. तीन वर्षांचं काम पाण्यात! गाइड सरांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती. गुपचूप एक ईमेल टाकायचा आणि सुटायचं, एवढंच ठरवलं होतं.

काका गॅलरीत कूलरमध्ये पाणी भरत होते. मला जिन्यात बघून म्हणाले, "चार वर्षांत मेमध्ये कधी घरी दिसली न्हाईस. काय झालं गं?"

मी जिन्यातच रडायला लागले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोड की. पण चार्ज देऊन सोड. फौजेत कुणी असंच उठून जात न्हाई."

चार्ज देणं म्हणजे आपल्या ताब्यात जे जे आहे ते लिहून काढायचं. काय ठीक आहे, काय बिघडलंय, कधीपासून. पुढच्या माणसाला ते वाचून काम सुरू करता आलं पाहिजे.

आणि लिहायचं मराठीत. कारण तपासणार काका.

मग रोज अकरा वाजता मी त्यांच्या डायनिंग टेबलाशी. बाहेर लूचे गरम वारे, आत कूलरचा खडखडाट आणि काकूंचं ताक.

माझा पहिला रिपोर्ट एका ओळीचा होता. सगळं बिघडलंय.

काकांनी चष्मा वर केला. "ह्याला रिपोर्ट म्हणत्यात व्हय? अदलाबदल कवापासनं?"

"माहीत नाही."

"वह्या आण."

लॅबच्या वह्यांच्या झेरॉक्स माझ्याकडे होत्या. चार दिवस काका एकेका तारखेवर बोट ठेवून वाचत बसले. शेवटी सापडलं. पाकिटं बदलली होती तिसऱ्या पेरणीच्या वेळी.

"मग आधीच्या दोन पेरण्या?" काकांनी विचारलं.

मी वह्या पुन्हा चाळल्या. त्या दोन्ही ठीक होत्या. मी इतकी घाबरले होते की तपासलंच नव्हतं.

"एक बिघडली, दोन चांगल्या. लिव तसं."

जुलैमध्ये फाइल तयार झाली. चार्ज देणारी म्हणून मी सही केली. चार्ज घेणाऱ्याची जागा रिकामी होती. मी काकांचं पेन पुढे केलं. त्यांनी ते परत घेतलं नाही.

मी तिथेही माझीच सही केली.

"देणारा आन घेणारा एकच? असलं ऑडिटला चालत न्हाई बरं का," म्हणाले आणि उठून उगाचच कूलर बघायला गेले.

उद्या मोहालीला, नॉलेज सिटीतल्या माझ्या लॅबमध्ये परत जातेय. ती फाइल सरांसमोर ठेवणार आहे, माझ्या चुकीसकट. खूप भीती वाटतेय. पण जातेय.

काका, दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं तर मला समजावत बसले असते. एवढी वर्षं वाया घालवू नकोस, लोक काय म्हणतील, वगैरे. तुम्ही एकदाही "सोडू नकोस" म्हणाला नाहीत. नुसते शेजारी बसलात आणि तारखा विचारल्यात.

थँक यू म्हणायचं राहूनच गेलं. ते आज सगळ्यांसमोर म्हणते.

येते काका.