पूर्वेकडे दार

आमचे बाबा कारकून म्हणून निवृत्त झाले, पण चालायचे सरदारासारखे. परदेशात, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये आईबाबा गावाहून राहायला आले, तेव्हा लेकीला शाळेत प्रोजेक्ट होता: अँडीज पर्वतातल्या जुन्या सरदार घराण्यांची थडगी. घडीव दगडांचे गोल बुरूज, वर थोडे रुंद होत गेलेले, आणि तळाशी एकच बुटकं दार, तेही पूर्वेकडे.

थर्माकोलचा गुडघाभर बुरूज उभा राहिला तो बाबांच्या हुकुमाखाली.

"पूर्वेकडे दार? वास्तू उत्तम," ते म्हणाले. "पण एवढ्याशा दारातून सरदार आत जाणार कसा?"

"आजोबा, ही इज डेड लाह!"

"मग ठीक. तेव्हा वाकावंच लागतं."

बुरूज शाळेतून शाबासकी घेऊन परत आला आणि त्याच आठवड्यात बाबा गेले. सकाळी, पेपर वाचता वाचता.

अस्थींचा कलश घेऊन मी लिफ्टमधून बाहेर पडलो, तर आई दारात उभी. अस्थी घरात आणत नाहीत. गावी झाडाला टांगतात. बाराव्या मजल्यावर झाड कुठून आणू? उरला कॉरिडॉर आणि तिथला चपलांचा स्टँड.

"ह्यांना चपलांपाशी ठेवतोस?"

तेवढ्यात लेक बुरूज घेऊन आली. झाकण काढून कलश आत ठेवला, दार पूर्वेला केलं. शेजारच्या चिनी आजींनी पुढे संत्रं ठेवून हात जोडले. आई रोज त्यांच्या मापाचा चहा ठेवू लागली. बाबांचा इतका थाट जन्मात कुणी केला नव्हता!

विसर्जनाची बोट ठरली, तशी आई स्टूल घेऊन बुरुजापाशी बसली.

"मी नाही देणार. ते लोक आपली माणसं पाण्यात सोडत होते का?"

"आई, ते सरदार होते."

"आणि हे?"

मी बोटीची पावती घडी घालून खिशात टाकली.

मग तिने नातीला विचारलं, "ते सरदार अजून आहेत का गं आत?"

"नाही आजी. चोरांनी टॉवर फोडले. ऑल एम्प्टी."

आई त्या बुटक्या दाराकडे बघत राहिली. मग तिनेच झाकण उचललं. "चला," कलशाला म्हणाली, "कुणी फोडायच्या आत."

विसर्जनानंतरच्या सकाळी ती सवयीने चहा घेऊन बाहेर आली. रिकाम्या बुरुजाकडे पाहून स्टुलावर बसली आणि स्वतःच प्यायली. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं.

"अगं बाई, केवढी साखर खायचे हे!"

तोवर ती रडली नव्हती. तो कप तिने रडत रडत संपवला.