रहीमचाचांचा बुलबुलतरंग आणि माझी मोजपट्टी

मंडळी, दुपारपासून स्वतःवरच चिडलो आहे.

अमरावतीच्या आमच्या घरातली मागची खोली मी स्वतः स्टुडिओ केली. कुणी शिकवलं नाही. भिंतींना कापसाच्या गाद्या, दाराच्या फटीला रबर. आवाज जराही घुमत नाही.

आज वडिलांचे मित्र रहीमचाचा अकोटहून बुलबुलतरंग घेऊन आले. परवा ते कायमचे मुलाकडे सुरतेला जाणार आहेत. त्यांचं वादन कुठेच रेकॉर्ड झालेलं नाही.

आवाज नको म्हणून मी कूलर बंद केला.

"काहून रे, मले भट्टीत भाजून राहिला का?"

"पाच मिनिटं, चाचा. माइक दोन बोटं सरकवतो."

मोजपट्टी लावली, माइक सरकवला, पुन्हा मोजलं. तोवर चाचा हात मोकळा करायला वाजवत होते. असं वाजवलं, की बायको कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मी माइकचा कोन बघत होतो.

"हं चाचा, आता करा सुरू."

"आता? मंग मघापासून मी काय करून राहिलो होतो?"

नंतर घामेजल्या बोटांनी त्यांनी दोनदा वाजवलं. रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, पण मघाची जान त्यात नाही.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "बटन दाबून मोजलं असतं, तर मोजपट्टी रुसली असती का?"

उद्या नुसता फोन घेऊन अकोटला जावं म्हणतो. त्यांचं घर रस्त्यालगत आहे, गाड्यांचे हॉर्न रेकॉर्डिंगमध्ये येणारच, आणि ते मला सहन होणार नाहीत.

तरी जाऊ ना?