चुलतभावाच्या गल्ल्यावरचे ओटीपी

आमचं घर रनाळ्याबाहेर शेतात, नाल्याच्या उतारावर. तिथे मोबाइलला रेंज टिकत नाही. म्हणून गॅसच्या टाकीपासून बँकेपर्यंत जिथे नंबर मागतात तिथे आम्ही माझ्या थोरल्या चुलतभावाचा नंबर देत आलो. त्याचं गावात किराणा दुकान, आणि फोन सदा गल्ल्यावर. मळ्यातल्या सगळ्या घरांचे ओटीपी त्याच्याकडे येत. तालुक्याला गेलेल्या माणसाने फोन करून ‘आकडा उना का?’, म्हणजे आला का, असं विचारायचं आणि त्याने साखर जोखता जोखता तो वाचून दाखवायचा. फोन कोणाचा, हे तो विचारत नसे. आपल्याच घरचा असणार, असं तो धरून चाले.

लेकीचा ईमेल आणि नर्सिंग प्रवेशाचा अर्ज, दोन्हीला मी त्याचाच नंबर दिला होता. अर्जातले कॉलेजांचे पसंतीक्रम त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कायम करायचे होते. ते बदलले गेले तर नंदुरबारची जागा हातची जाणार आणि लेकीचं वर्ष वाया जाणार. म्हणून दुपारी तिला घेऊन मी दुकानावर गेलो; तिथे नेट चांगलं चालतं.

मला पाहताच तो म्हणाला, “पोरना कामले बठेल व्हता का सकायपासून? ओटीपी उना, सांगी दिधा.”

आम्ही सकाळपासून काहीच उघडलं नव्हतं.

“कोणले सांगा तुनी, भाऊ?”

“बाईना फोन व्हता. म्हने पोरना फॉर्ममा चूक शे. मले वाटनं, तुनीच तिले नंबर दिधा व्हई.”

त्याच्या मुलीनेही याच प्रवेशाचा अर्ज भरला होता. दोघींच्या गुणांतला फरक अगदी थोडा, आणि तो मला दशांशापर्यंत पाठ होता. आमची लेक यादीतून खाली सरकली तर वर कोण येईल, याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला. खरंच कुठल्या बाईचा फोन आला होता, की हा मला गोष्ट सांगत होता?

लेकीने ईमेल उघडायचा प्रयत्न केला. पासवर्ड चुकीचा. तिने पुन्हा टाकला. चुकीचाच.

“पप्पा, कोणीतरी बदलला.”

तेवढ्यात गल्ल्यावरचा फोन दोनदा किणकिणला आणि लगेच वाजू लागला. भावाने उचलला. स्पीकर चालूच होता. गोड आवाजात बाई म्हणाली, “काका, आता दुसरा नंबर आला असेल. तेवढा सांगा, म्हणजे मुलीचा अर्ज पूर्ण होईल.”

भावाने सवयीने चष्मा वर सारला. “हा, लिखा. चार...”

मी फोन हिसकावून घेतला. “कोण बोलताय? कुठल्या कार्यालयातून?”

फोन कट झाला.

लेकीने मेसेज वाचला. तो अर्जाच्या खात्याचा होता. सकाळच्या ओटीपीने बाई ईमेलमध्ये शिरली होती. आता तिला अर्जात शिरायचं होतं. लेकीने भावाच्या फोनवर नवा ओटीपी मागवून आधी ईमेल परत मिळवला आणि दुसरीकडे उघडी असलेली सगळी लॉगिन बंद केली. मग अर्जाचाही पासवर्ड बदलला. मग तिने पसंतीक्रम उघडले. पहिल्या क्रमांकावर नंदुरबारच होतं. मी खालपर्यंत एकेक ओळ तपासली. काही हललं नव्हतं.

मग तिने स्वतःच्या मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं. त्यात अर्ध्या अर्ध्या मिनिटाला नवा आकडा तयार होतो. त्याला ना सिम लागतं, ना रेंज. ईमेलचं पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप तिने त्यावर टाकलं. अर्जाला ते चालत नव्हतं, म्हणून तिथे तिने स्वतःचा नंबर घातला; ओटीपीसाठी गावात यावं लागलं तरी चालेल म्हणाली.

“मन्हा नंबर काढी टाका?” आपला नंबर गेलेला पाहून भाऊ म्हणाला.

“काढा,” मी म्हणालो.

“चोर समजी ऱ्हायना का मले?”

मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलण्याची ती जागा नव्हती. दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती. त्याने तराजूतली साखर पुडीत ओतली, थोडी बाहेर सांडली. मग आतल्या घराकडे तोंड करून स्वतःच्या मुलीला हाक मारली आणि माझ्या लेकीला म्हणाला, “इनं बी करी दे ते ॲप. आत्तेच, मन्हासमोर.”

हा निर्दोष होता म्हणून म्हणाला, की माझा संशय ओळखून म्हणाला, ते मला आजही सांगता येत नाही.

पुतणी फोन घेऊन बाहेर आली. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा लेक म्हणाली, “सगळ्यांनी तोंड फिरवा. मोठे आबा, तुम्ही पण.”

“मी बाप शे तिना!”

“तरी फिरवा.”

आम्ही दोघे भाऊ रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. तो कापसाचे भाव विचारू लागला, मी सांगू लागलो. मागे पुतणीचं ॲप झालं आणि लेकीने आपले पसंतीक्रम कायम केले. “झालं,” ती म्हणाली, तेव्हाच मी वळलो.