बाबांनी उसवलेलं पुस्तक

सी प्लस प्लस नावाची संगणकाची भाषा मला येत नाही, आणि ती न येण्यासाठी मी जेवढी मेहनत घेतली तेवढी कुणी ती शिकण्यासाठीही घेतली नसेल.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटची. मी गडचांदूरजवळच्या एका सिमेंट कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. टाइम ऑफिस म्हणजे गेटाजवळची एक खिडकी. कामगार येणार, कार्ड देणार, मी ते घड्याळात घालून ठप्पा मारणार. सिमेंटचे ट्रकही त्याच गेटातून जात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझे केस, भुवया आणि डब्यातला भात एकाच रंगाचे होत. खोकला तर असा की आंधळ्या माणसालाही कारखान्याचं गेट बरोब्बर सापडावं! डॉक्टरांनी बजावलं होतं, "धूळ सोडा." मी म्हणालो, "मी केव्हाची सोडली असती हो, पण तीच मला सोडत नाही!"

अशात कारखान्यात संगणक येणार असं ठरलं. आधी त्याची खोली आली. (संगणक मागाहून येणार होता, मोठ्या माणसांचं सामान आधी येतं तसं.) खोलीला दोन दोन दारं, आत गारेगार हवा, चपला बाहेर काढायच्या, आणि दारावर पाटी: धुळीला सक्त मनाई. संगणकाला म्हणे धूळ चालत नाही! मला चालत होती. जेवणाच्या सुट्टीत मी काचेला नाक लावून ती खोली बघत उभा राहायचो. संगणकाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मला फक्त तिथं बसून श्वास घ्यायचा होता.

खोलीचे साहेब मुंबईचे, नवीन आणि उत्साही. त्यांनी जाहीर केलं, "मला जुनं शिकलेली माणसं नकोत. ही नवीन भाषा ज्याला येईल, त्याला या खोलीत जागा. जागा एकच आहे. थंडीत परीक्षा घेईन. आसपासच्या कुणाही पदवीधरानं बसावं."

"साहेब, ही भाषा काय असते?" मी विचारलं.

"यात सगळीकडे वस्तू बघायच्या. आधी वर्ग ठरवायचा, मग त्यातून वस्तू घडवायची."

हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं. शीला म्हणाली, "वस्तू पाहाच्या? तुम्ही? समोर ठेवलेली मिठाची बरनी दिसत नाई तुम्हाले!"

निघताना मी साहेबांना आणखी एक प्रश्न विचारला होता, "पुस्तक कुठलं वाचू?" साहेब म्हणाले, "कुठलंही एक चांगलं घ्या." माझ्या आयुष्याचं वाटोळं ज्या एका वाक्यानं केलं, ते हे.

चांगलं पुस्तक शोधायला मी चंद्रपूरला गेलो. दुकानदाराने विचारलं, "गाईड पायजे का?"

"हो."

"कितवीचं?"

"कितवीचं नाही. संगणकाच्या भाषेचं."

"भाषेचं आहे ना! मराठी, हिंदी, इंग्रजी. संस्कृत संपलं."

म्हणजे आता नागपूर गाठायला हवं होतं. आणि मला सुट्टी नव्हती. पण दसरा आला होता. दसऱ्याला आमची अख्खी वस्ती ट्रक करून नागपूरला दीक्षाभूमीवर जाते, आणि तिथून पुस्तक घेतल्याशिवाय कुणी परत फिरत नाही. ज्याला वाचता येत नाही तोसुद्धा एक घेऊन येतो. घरात पुस्तक असावं, वाचणारं कुणीतरी निघेलच, असा त्याचा हिशेब असतो.

बाबा म्हणाले, "अशोक, तुह्यं पुस्तक मी पाहून आनतो. जिंदगी पुस्तकातच गेली माही." बाबा प्राथमिक शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्यांना संगणक माहीत नव्हता, पण पुस्तक माहीत होतं. पुस्तक ते तळहातावर तोलायचे, वास घ्यायचे, मधोमध उघडायचे आणि मग शिलाई बघायचे.

शीला मला आत नेऊन सासऱ्यांबद्दल म्हणाली, "मामाजींले सांगू नका. ते साऱ्या ट्रकाले सांगतीन."

त्यांनी सांगून झालं होतं.

ट्रक परत आला त्या संध्याकाळी मी कामावरून घरी पोचलो, तर पडवीत माणसं रांगेनं बसलेली. प्रत्येकाच्या हातात पुस्तक! पहिले शेजारचे रामदासभाऊ उठले. "घे अशोक, कंपूटरचं. पाय कसं मजबूत आहे!"

"भाऊ, हे रेडिओ दुरुस्तीचं आहे."

"मंग? त्याच्यातबी तारच असते ना?"

मागल्या गल्लीतल्या शेवंताबाईंनी लहान मुलांचं आणलं होतं. मुखपृष्ठावर संगणकापुढे बसलेला हत्ती. "याच्यात चितरं आहेत. तुले लवकर समजन," त्या प्रेमानं म्हणाल्या. (हत्तीला समजलं असावं, तो हसत होता.) कुणी टायपिंगचं, कुणी संगणकाच्याच पण भलत्याच भाषेचं, कुणी हिंदीतलं, कुणी इंग्रजीतलं. सगळ्यांत शेवटी बाबांनी पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला. वापरलेला होता. आधीच्या मालकानं सुरुवातीच्या चार पानांवर लाल रेघा मारल्या होत्या, पुढे सगळं कोरं. (पुढे त्याचं काय झालं असेल, या विचारानं मला धडकीच भरली.) पण भाषा नेमकी साहेबांची होती. सबंध ट्रकातलं हे एकच पुस्तक खरं होतं.

"शिलाईचं आहे," बाबा अभिमानानं म्हणाले. "गोंदाचं नाई." या शिलाईकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

आता पुस्तक निवडणं सोपं होतं, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही आमच्या वस्तीत राहिलेले नाहीत. दीक्षाभूमीवरून कुणी आपल्यासाठी पुस्तक आणलं, तर ते वाचावंच लागतं. नुसतं ठेवून चालत नाही. आणणारा येता-जाता बघतो! त्यामुळे संध्याकाळी पडवीत बसलं की समोरून कोण येतंय त्यावर माझा अभ्यास ठरायचा. रामदासभाऊ दिसले की रेडिओ. शेवंताबाई दिसल्या की हत्ती. दोघं एकदम आले की हत्ती वर, रेडिओ खाली. प्रत्येक पुस्तकाचं पहिलं प्रकरण होईपर्यंत दुसऱ्याचा मालक यायचा, आणि मग दुसऱ्याचं पहिलं प्रकरण. रेडिओ, टायपिंग आणि अजून पाळी न आलेलं बाबांचं पुस्तक सोडलं तर सगळ्यांचं पहिलं प्रकरण एकच होतं: संगणक म्हणजे काय. हत्तीचंसुद्धा! थोड्याच दिवसांत 'संगणक म्हणजे काय' या विषयावर कोरपना तालुक्यात माझ्याइतका जाणकार उरला नाही. त्यापुढं काय असतं, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

शेवटी मी शीलाला म्हणालो, "आता कोणी रुसलं तरी चालेल. उद्यापासून फक्त बाबांचं पुस्तक."

"आता शहाने झाले तुम्ही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी घरी आलो तर बाबा पडवीत सुई-दोरा, खळ आणि जुनी कॅलेंडरं घेऊन बसले होते. समोर एक बारकी पुस्तिका. छान शिवलेली, कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचं कव्हर घातलेली.

"बाबा, माझं पुस्तक?"

"हे काय."

"हे? ते तर एवढं जाड होतं!"

"भाग केले त्याचे."

बाबांच्या शाळेत एका वर्गाला एकच पुस्तक मिळायचं. बाबा ते उसवायचे, भाग वेगवेगळे शिवायचे आणि एकेका पोराला एकेक द्यायचे. आठवडा झाला की अदलाबदल. या रीतीनं त्यांनी कितीतरी गरिबांची पोरं शिकवून साहेब केली. त्या रीतीची बाबांना सवयच लागली होती, आणि परीक्षा सगळ्यांना खुली आहे हे मीच त्यांना सांगितलं होतं.

"पण बाबा, पुस्तक माझ्यासाठी आणलं होतं ना?"

"तू एका टायमाले किती पानं वाचतं?"

"एक."

"मंग बाकीची पानं काऊन रिकामी बसवाची? गावात शिकाले पोरं नाईत का?"

कुठला भाग कुठे गेला, ते मी विचारून घेतलं. एक भाग कोरपन्याला बाबांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीकडे, वंदनाकडे गेला होता. ती बी.एस्सी. झाली होती. एक ब्रह्मपुरीला आत्याकडे, तिची पोरगीही परीक्षेला बसणार म्हणून. बाकीचे वस्तीत.

"आणि मला कुठला भाग?" मी रडवेला होऊन विचारलं.

बाबांचा चेहरा उजळला. "तुह्यासाठी सगळ्यात चांगला ठेवला. आपल्या पोराले नाई देनार तं कोनाले? बाकीच्यायच्या भागात एकेकच गोष्ट आहे. तुह्याच्यात सारं आहे. थोडं थोडं."

मी पुस्तिका उघडली. ती शेवटची सूची होती.

म्हणजे कुठला शब्द कुठल्या पानावर आहे, त्याची यादी. वर्ग अमुक पानावर. वस्तू तमुक पानावर. वारसा, पुढे बघा. कुठली गोष्ट कुठल्या पानावर आहे ते मला सगळं कळत होतं. फक्त ती पानं ब्रह्मपुरीला होती!

नियम असा की हातातला भाग दिल्याशिवाय दुसरा मिळत नाही. दर रविवारी पडवीत अदलाबदलीचा बाजार भरायचा. पोरं यायची, भाग बदलून घ्यायची, आपसांत काहीतरी बोलून हसायची. माझा भाग कुणी घेईना. हातात धरून बघायचे आणि परत करायचे.

"भाऊ, याच्यात तं नुसते नावं आहेत."

"अरे, पण सगळी आहेत!"

"नाई जी. राहू द्या तुम्हालेच."

मी बाबांना म्हणालो, "मी तुमचा मुलगा आहे. मला एक भाग तसाच द्या." बाबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा चौथीत जाऊन पोचलो. शाळेत त्यांनी मला कधी अर्धा मार्कसुद्धा वाढवून दिला नव्हता. उलट एकदा कापला होता.

शेवटी सुट्टी काढून मी ब्रह्मपुरी गाठली. तिथं धानाची कापणी चाललेली. जीपमध्ये माझ्या मांडीवर एक बाई, तिच्या मांडीवर एक पोर आणि पोराच्या हातात कोंबडा. वर्ग आणि वस्तूंचा भाग आत्याकडे आहे, एवढा शोध मी सूचीवरून आणि बाबांना विचारून लावला होता. आत्यानं चहा दिला, पोहे दिले, भाग दाखवला. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात 'वर्ग' असं लिहिलेलं होतं. मी लगेच हात पुढे केला.

"दे ना आत्या."

"तुहा भाग आन."

मी सूची पुढे केली. आत्याच्या मुलीनं ती चाळली आणि आईकडे बघून मान हलवली. आत्या म्हणाली, "नाई रे बाप्पा. दादाचा नियम आहे. दादाले काय सांगू मी? पोहे आनखी घे." मी पोहे घेतले. दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी ती दोन दारांची खोली पहिल्यांदा आतून पाहिली. चपला काढल्या, खोल श्वास घेतला आणि खोकलो नाही! डोळ्यांत पाणी आलं. मग पेपर हातात आला आणि वेगळ्या कारणानं आलं. पहिला प्रश्न: वर्ग म्हणजे काय, उदाहरणासह लिहा. मी लिहिलं, की वर्गाची माहिती पुस्तकाच्या मधल्या भागात येते आणि वारशाच्या प्रकरणात पुन्हा येते, सोबत दोन्हीकडचे पानांचे आकडे. साऱ्या प्रश्नांची उत्तरं मी अशीच दिली, एकही आकडा चुकला नाही. 'संगणक म्हणजे काय' हा प्रश्न मात्र कुठंच नव्हता. मी पेपर उलटा करूनही पाहिला.

जागा वंदनाला मिळाली. तिनं रविवारच्या बाजारात आणि ब्रह्मपुरीशी अदलाबदल करून एकूण एक भाग वाचून काढला होता, माझा सोडून. बाबांनी वस्तीत पेढे वाटले. "आपल्याच पुस्तकानं लागली ना पोरगी!" ते सगळ्यांना सांगत होते, आणि ते खरंच इतके खूष होते की मला धड चिडताही येईना. पेढा मीही खाल्ला. तो जरा धुळकट लागला.

त्यानंतर रोज सकाळी वंदनाचं कार्ड मीच पंच करायचो. ती आत जायची आणि मी खोकायचो. बाबांनी आता सगळे भाग कौतुकानं तिलाच देऊन टाकले होते. एकदा ती खिडकीशी थांबली.

"भाऊ, तुमच्याजवळचा भाग द्या ना. त्याच्याबिगर मले काई सापडतच नाई. सारखे पानं उलटून राह्यली मी."

एवढे दिवस ज्याला कुणी हात लावला नाही, त्या माझ्या सूचीला अखेर गिऱ्हाईक आलं होतं! मी ताठ बसलो. हेडमास्तरांचा मुलगा होतो मी.

"गुरुजींचा नियम आहे," मी म्हणालो. "एक भाग आना, एक न्या."

दुसऱ्या दिवशी तिनं आणला. (तिला जो आता लागत नव्हता तोच आणला असणार.) त्या खोलीतून आलेला, हाताला अजून गार लागणारा. सूची देऊन मी खिडकी लावली, बाहेर कामगार ओरडत होते तरी हात पुसले, कॅलेंडरचं कव्हर उलटलं आणि त्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण अखेर उघडलं.

संगणक म्हणजे काय.

भाग मी तसाच परत केला. तेवढा मला तोंडपाठ होता.