एकशे तीस तुकड्यांची मॅट

दत्ताराम पारकर मूळचा कुडाळकडचा. उम्म अल कुवैनच्या एका लहानशा कॉलेजात गेली बारा वर्षं ग्राउंडमन. कागदावर त्याचं काम गवताला पाणी घालायचं नि जाळ्या बांधायच्या. पण कबड्डीच्या पोरांना चढाई कशी करावी, पकड कुठे धरावी, हे तोच शिकवी. पगारी कोच कॉलेजने कधी नेमलाच नाही.

चार कॉलेजांची कबड्डी लीग त्याने नि प्रल्हादने मिळून उभी केली. प्रल्हाद त्याच्याच गावचा, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या कॉलेजात स्पोर्ट्सचा साहेब. चार संघांत मॅट एकच, तीही दत्तारामच्या कॉलेजची. सामना जिथे असेल तिथे तो पिकअपमध्ये घालून न्यायचा.

यंदा एक कॉलेज फुटलं. दुबईच्या मोठ्या लीगमध्ये गेलं, तिथे दिवे लावलेलं स्टेडियम, जर्सीवर कंपनीचं नाव. महिन्याभरात दुसरंही तिकडेच. उरले दोघे. दत्तारामच्या प्रिन्सिपॉलने सरळ सांगितलं होतं, लीग नाही तर संघ नाही.

त्याने प्रल्हादला फोन लावला.

"मेल्या, तुका सोडून मी खंय जातलंय?" प्रल्हाद हसला. "शनिवारी मॅट घेवन ये. शुक्रवारच्या आपल्या सामन्याआधी माझ्या पोरांका जरा सराव होवंदे."

शनिवारी सकाळी प्रल्हादच्या कॉलेजात दत्तारामने गुडघ्यांवर बसून एकशे तीस तुकडे जोडले. रेषा जुळाव्यात म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने नंबर, त्याखाली त्याचं नाव नि कॉलेज, मराठीत. तोवर प्रल्हाद आला तो कोट घालून.

"सरावाक कोट?"

"मीटिंग असा रे."

दहाला गाडी आली. झुबेर नावाचे साहेब, हातात फाईल. त्यांनी टेप काढला. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, ते दत्तारामने धरलं. बोनस रेषा मोजली, निदानरेषा मोजली. कॉलेज जागेची तपासणी करत असेल, असं त्याला वाटलं. आकडे लिहून झुबेरसाहेब प्रल्हादकडे वळले. "बढिया है. अब से आप हमारी दुबई लीग में."

दत्तारामच्या हातून टोक सुटलं. टेप सर्रकन परत गेला.

"मॅट कॉलेज का अपना है ना? नियम है."

"अपना ही है सर," प्रल्हाद म्हणाला. दत्तारामकडे त्याने बघितलंही नाही.

साहेबांनी कोपरा उचलला. "ये क्या लिखा है?"

"सीरियल नंबर," प्रल्हाद म्हणाला.

दत्ताराम उकिडवा बसला. अक्षरांवर बोट ठेवलं. "नाम है साहेब. मेरा. नीचे उम्म अल कुवैन का कॉलेज."

साहेबांनी प्रल्हादकडे नुसतं बघितलं, फाईलमध्ये काहीतरी खरडलं. "दो हफ्ते में अपना ले लीजिए." नि गाडीत बसून गेले. एवढंच. आपण बोललो की काहीतरी मोडेल असं दत्तारामला वाटलं होतं. काहीच मोडलं नाही.

तो तुकडे सोडवायला लागला. प्रल्हाद मागोमाग फिरत होता, पायांत चकचकीत बूट, ते तसेच मॅटवर. या मॅटवर बुटाने कोणी पाय ठेवला नव्हता, प्रल्हादनेही नाही.

"मॅनेजमेंटचो दबाव होतो रे. तुका सांगणार होतंय."

"कधी? लीग सुरू झाल्यार?"

"रागावलंस?"

"पाय काढ," दत्ताराम म्हणाला. "खालचो तुकडो माझो."

प्रल्हाद बाजूला झाला. तुकडे मोजून झाले, एकशे तीस. परतीच्या रस्त्यावर रेहानचा फोन आला, दत्तारामच्या संघाच्या कॅप्टनचा.

"अंकल, फ्रायडे मॅच इज ऑन, राइट?"

"मॅट आ रहा है," दत्ताराम म्हणाला. "सामनेवाले नहीं आएँगे."